आत माणूस आहे

दुपारी पानं वाढून झाली की दार उघडून उंबऱ्यावर उभं राहायचं आणि मोठ्यानं विचारायचं, "कोणी उपाशी आहे का?" हा आमच्या घरचा नेम. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, तो मला लग्नानंतर महिन्याभरातच दिला. देताना म्हणाल्या, "एकदा विचारून दार लावून घेतलंस तर तो नेम नव्हे, नुसता आवाज. कोणी हो म्हणालं तर त्याला वाढायचं आणि पुन्हा विचारायचं. आणखी कोणी असेल तर त्यालाही वाढायचं. सगळं शांत झालं की मग आपण पानावर बसायचं. पुष्कळ माणसं विचारल्यावाचून बोलत नाहीत गं."

आज धारमध्ये संध्याकाळपासून लाईट नाही. देवापुढचं निरांजन उचलून वहीपाशी ठेवलं आहे आणि त्याच्याच उजेडात लिहिते आहे. आतल्या खोलीत हे झोपले आहेत. दर थोड्या वेळानं मी लिहिणं थांबवते, त्यांचा श्वास ऐकते आणि मग पुढची ओळ लिहिते.

आम्ही देवासला होतो तेव्हाची गोष्ट. सत्त्याऐंशी सालची. औषधांच्या एका कारखान्यात हे इंजिनियर होते आणि कारखान्याच्या मागच्या फाटकासमोरच आमचं क्वार्टर होतं. समोर एक कडुलिंब, त्याच्याखाली पाण्याच्या टँकरची वाट बघत ठेवलेल्या बादल्यांची रांग, आणि मान वर केली की माताजींची टेकडी. मी दारात उभी राहून विचारायला लागले की शेजारपाजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आजच्या काळात कोण उपाशी येणार दारात! पण एक जण यायचा. जगदेवराव.

ते कारखान्यात थंड कोठ्यांचे फिटर होते. गाव बागली. बायको पार्वती तिकडेच होती, आणि ते इथं एका खोलीत चहा-टोस्टवर दिवस काढायचे. जेवणाची सुट्टी झाली की सायकल कडुलिंबाला टेकवून उभे राहायचे. पण स्वतः होऊन कधी दार वाजवलं नाही. माझं विचारणं झालं की तिथूनच ओरडायचे, "हाय नी वैनी, एक उपाशी! सबेरेसे!"

मी म्हणायची, "अहो, सरळ आत यावं की. माझ्या विचारण्याची कसली वाट बघता?"

"न बुलावता येनारा पाव्हना अन् न बुलावता येनारी बिल्ली, दोन्हींला सारखीच इज्जत, वैनी."

जेवताना एकदा मी यांना विचारलं, "तुमच्या ऑफिसातलं ते कॉम्प्युटर दिवसभर करतं तरी काय?"

"तू दारात करतेस तेच," हे म्हणाले. मला वाटलं थट्टा करताहेत. पण यांना थट्टा जमत नाही. त्यांनी वरणाची वाटी बाजूला सरकवली आणि ताटाच्या कडेनं बोट फिरवत समजावून सांगितलं. कारखान्यातली सगळी दारं, थर्मामीटर, घंटा, बटणं यांच्या तारा एका कार्डावर येतात. त्या कार्डावरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. कुठं काही घडलं की हा छोटा ते टिपून पोटात ठेवतो, पण आपण होऊन बोलत नाही. वर एक मोठा प्रोग्राम असतो, ऑपरेटिंग सिस्टिम. तो दर सेकंदाला खाली वाकून विचारतो, काही आहे का? मग छोटा एक गोष्ट सांगतो. सगळ्यांत जुनी असेल ती आधी. एका विचारण्याला एकच. म्हणून मोठ्यानं पुन्हा विचारायचं, पुन्हा विचारायचं, खालून 'काही नाही' असं येईपर्यंत.

"आणि विचारलंच नाही तर?"

"तर तो पोटात घेऊन बसेल. त्याचं काय जातं?"

जगदेवराव भाकरी मोडता मोडता थांबले. "भिया, मंग हा तर नवी सून झाला की! कोनी विचारल्याबिगर तोंड उघडायचं नाय."

आम्ही तिघंही हसलो. तो हशा मला अजून आठवतो, कारण त्यानंतर त्या घरात कोणी तसं हसलं नाही.

कारखान्यात सात थंड कोठ्या होत्या. औषधांचा कच्चा माल ठेवायच्या. भिंतीमागून अमोनियाचे नळ जायचे. प्रत्येक कोठीत दाराजवळ एक तांबडं बटण होतं. चुकून कोणी आत अडकलं तर ते दाबायचं. दाबलं की यांच्या ऑफिसातल्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटायची. हे मला मराठीत सांगायचे: कोठी अमुक, आत माणूस आहे.

त्या वैशाखात पॅकिंग हॉलमधलं एक थर्मामीटर बिघडलं. गरम, थंड, गरम, थंड, असं सारखं बरळायला लागलं. छोटा बिचारा प्रत्येक बरळणं इमानानं टिपून ठेवी. आणि मोठा 'काही नाही' ऐकायला म्हणून विचारतच राही, कारण 'काही नाही' कधी येईचना. त्याला दुसरं कामच उरलं नाही. साहेबांचा रिपोर्ट दोन दिवस निघाला नाही. साहेब यांच्यावर ओरडले. नवं थर्मामीटर इंदूरहून मंगळवारी यायचं होतं. तेव्हा शनिवारी यांनी तात्पुरता एक बदल केला. मोठ्यानं सेकंदाला एकदाच विचारायचं, मिळेल ते एक उत्तर घ्यायचं आणि आपल्या कामाला लागायचं. रिपोर्ट निघाला. साहेबांनी यांची पाठ थोपटली.

खाली काय होत होतं ते मात्र कोणाला दिसत नव्हतं. येत होतं जास्त, निघत होतं कमी. रांग वाढत होती.

आणि मी काय करत होते? मी यांना धारला ओढून नेत होते. माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन राहून गेलं होतं. व्रत कशासाठी धरलं होतं ते लिहीत नाही. ओटी रिकामी होती, एवढं पुरे. उद्यापनाला जोडप्यानं बसावं लागतं. सोमवारी माहेरी, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या घरी, सगळं यथासांग पार पडलं. मंगळवारी पहाटेच्या बसनं हे एकटे परत निघणार होते. मीच म्हणाले, "मंगळवार आहे, कालिकामातेचं दर्शन जोडीनं घेऊ. एका दिवसानं काय होतंय?"

हे थांबले. माझ्यासाठी थांबले.

मंगळवारी दुपारी जगदेवराव नेहमीसारखे कडुलिंबाखाली आले. शेजारणीनं पाहिलं. आमच्या दाराला कुलूप होतं. ते थोडा वेळ सायकलचा दांडा धरून उभे राहिले. मग म्हणाले, "आज विचारनारंच कोनी नाय," आणि परत फिरले. जेवायचं नाहीच, तर तेवढ्या वेळात सात नंबरच्या कोठीतला गळका नळ पाहून यावा, असं त्यांना वाटलं असणार. सव्वाबाराच्या सुमारास ते आत गेले. मागे दाराची कडी अडकली. नळ गळतच होता.

त्यांनी बटण दाबलं. एकोणीस वेळा दाबलं. त्या एकोणीस ओळी पडद्यावर उमटल्या दोन वाजून दहा मिनिटांनी, एकामागून एक, रांगेतला आपला नंबर आल्यावर. पडद्यापुढे बसलेला माणूस धावत गेला. दार तोडावं लागलं.

आम्ही बुधवारी देवासला परतलो. फाटकापाशी माणसं हलक्या आवाजात बोलत होती. भोपाळची गॅस पाहून आलेली एक बाई नाकाला पदर लावून उभी होती. अमोनियाचा वास तोवर राहिला नव्हता, तरी लावून उभी होती.

चौकशी झाली. चौकशीवाल्यांनी कडी पाहिली, नळ पाहिला, सही-शिक्के केले. कडी खराब होती असं ठरलं. पडद्यावर ओळी उशिरा का उमटल्या, हे कोणी विचारलं नाही. कोणाला सुचलंच नाही. कोठी सात बंद केली, तिच्या तारा कापल्या, कॉम्प्युटरला नवं कार्ड बसवलं. जुनं कार्ड तपासायला म्हणून हे घरी घेऊन आले. एक छोटा पडदा जोडून त्यांनी ते पुढच्या खोलीत टेबलावर मांडलं.

मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की माझा माणूस जेवत नाही. घास हातात घेऊन बसतो. मी काही विचारत नव्हते. दुःख आहे, मित्र गेला आहे, आपोआप हलकं होईल असं म्हणत होते. खरं सांगायचं तर मला विचारायची भीती वाटत होती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी मी भात उतरवत होते. बाहेर ऊन असं की कडुलिंबाची सावलीसुद्धा तापलेली. पुढच्या खोलीतून यांनी हाक मारली नाही, नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी गेले. पडद्यावर एक ओळ होती.

"काय आहे?"

"कोठी सात," हे म्हणाले. "आत माणूस आहे."

"पण… तारा तर कापल्यात ना?"

यांनी टेबलाखाली बोट दाखवलं. कार्डाला विजेची एक वायर सोडली तर काहीही जोडलेलं नव्हतं. तेवढ्यात दुसरी ओळ आली. मग तिसरी. यांनी आता विचारणं पूर्वीसारखं केलं होतं, 'काही नाही' येईपर्यंत. एकोणीस ओळी आल्या. मग आलं, काही नाही.

घड्याळात सव्वाबारा होऊन गेले होते. आणि खोलीत वास होता, नाकात सुई टोचावी तसा. माझे तळपाय फरशीवर होते आणि फरशी गार होती. वैशाखात, देवासला, भर दुपारी, गार.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी यांनी चिप काढली, तिच्यात टिपलेलं सगळं पुसून पुन्हा बसवली. तरी तेच. चौथ्या दिवशी कार्ड रात्रभर बंद ठेवून सकाळी सुरू केलं. सव्वाबारापर्यंत 'काही नाही, काही नाही' येत राहिलं आणि मग एकोणीस ओळी. हे त्या पडद्यासमोरून उठेनात. दाढी वाढली. नखं निळसर दिसायला लागली.

मी साधी बाई. मला एकच गोष्ट ठाऊक. जो परत परत येतो तो उपाशी असतो. पुढच्या मंगळवारी मी टेकडीवरच्या थोरल्या-धाकट्या दोन्ही मातांची ओटी भरली, घरी येऊन तीन पानं वाढली आणि दार उघडलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. बादल्यांची रांग तेवढी होती.

"कोणी उपाशी आहे का?"

काही नाही. नुसतं ऊन.

मी दुसऱ्यांदा विचारलं. आणि उत्तर आलं. बाहेरून नाही… माझ्या पाठीमागून, घरातून.

"हाय नी, वैनी…"

मी वळले नाही. वळता आलं नाही. कोणी दात वाजवत बोलावं तसा आवाज होता. मी उंबऱ्याकडे बघत एवढंच म्हणाले, "पान वाढलंय. बसा." आणि किती वेळ तशीच उभी राहिले कोण जाणे. आत गेले तेव्हा हे आपल्या पानासमोर डोळे मिटून बसले होते. तिसऱ्या पानाला कोणी हात लावला नव्हता. पण भाताची मूद दगडासारखी कडक होती आणि तिच्यावर पांढरी, खडबडीत साय धरली होती. मी बोट लावलं. बर्फ.

मी खाली बसले आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं. "तुम्ही काही केलंत का?"

हे म्हणाले, "हो."

मी पुन्हा विचारलं. यांनी थोडं सांगितलं. मी आणखी विचारलं. असं करत करत शनिवारचा बदल, थर्मामीटर, रांग, सगळं बाहेर आलं. शेवटी म्हणाले, "मी कधीच सांगितलं असतं गं. मला कोणी विचारलंच नाही."

मला वाटलं, चला, मोकळं झालं. माझा स्वभावच तसा, लवकर आशा धरते. यांना म्हणाले, आता हे जिला कळायला हवं तिला सांगू. त्या शनिवारी आम्ही बागलीला गेलो.

पार्वती ओसरीवर गहू निवडत होती. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं नाही. यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि खडे वेचत होती.

"उन्नीस बार?" एवढंच तिनं विचारलं.

"हो."

"अन् तुमी तिकडं दर्शनाला."

"मी नेलं यांना," मी म्हणाले. "चूक माझी…"

"राहू द्या, बाई. चूक कोनाची ते मला नको." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "ते सांगायचे, वैनी रोज विचारते, रोज वाढते. मला येवढंच सांगा. त्या दिवशी ते उपाशी गेले का?"

मला खोटं बोलता आलं असतं. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "हो."

तिनं मान हलवली आणि पुन्हा गव्हाकडे वळली. आम्ही उठलो तेव्हा तिनं जा म्हटलं नाही, या म्हटलं नाही.

सोमवारी यांनी साहेबांच्या टेबलावर सगळं लिहून ठेवलं आणि नोकरी गेली. मला वाईट वाटलं नाही. त्याच दिवशी बाराच्या आत घरी येऊन यांनी कार्ड सुरू केलं. मी मागे उभी होते, हातात देवीचा अंगारा. बारा वाजले. सव्वाबारा वाजले. पडद्यावर काही नाही, काही नाही, काही नाही. साडेबारा झाले. फरशी तापलेलीच होती. यांनी खुर्चीत पाठ टेकली आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे पाहून हसले. म्हणाले, "भूक लागली."

देवा, ते दोन शब्द! मी अंगारा यांच्या कपाळाला लावला. कार्ड बंद करण्याआधी यांनी शेवटचं एकदा बटण दाबून विचारलं, आणि एक ओळ उमटली.

मी इंग्रजी वाचते थोडंफार. सात आणि आठ मला कळतात.

कोठी आठ. आत माणूस आहे.

"कोठ्या सातच आहेत ना?" मी विचारलं.

"सातच."

यांचा हात हवेतच राहिला होता. यांनी पूर्वीचं आपोआप विचारणं काढून टाकलं होतं, आता प्रत्येक वेळी बटण दाबून विचारावं लागे. पडदा पुढच्या प्रश्नाची वाट बघत होता. खाली आणखी किती आहे, कोण आहे, एवढंच विचारायचं बाकी होतं. हे माझ्याकडे वळले. "विचारू का पुन्हा?"

ज्या बाईनं लग्नापासून रोज दारात उभं राहून पुन्हा पुन्हा विचारलं, ती मी. मी यांच्याकडे पाहिलं. निळी नखं, आणि नुकतं परत आलेलं ते हसू अजून ओठांच्या कडेला होतं. मला ते जपायचं होतं. मी म्हणाले, "नको. बंद करा."

यांनी वायर उपसली. एकदा विचारलं, एक उत्तर घेतलं आणि आम्ही आपल्या कामाला लागलो.

त्याला दोन वर्षं झाली. आम्ही धारला अण्णांच्या शेजारी बिऱ्हाड केलं. हे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात आणि लोक समाधानी आहेत. कार्ड आमच्या मोठ्या ट्रंकेत तळाशी आहे, जुन्या धाबळीत गुंडाळलेलं. फेकायचं धाडस झालं नाही. कुठं फेकणार? आत कोण आहे ते कळल्याशिवाय?

पहिलं वर्ष बरं गेलं. मग यांना दुपारी थंडी वाजायला लागली. ताप नाही, काही नाही. डॉक्टरांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, मी देवीला नवस बोलले, अमझेऱ्याच्या देवीला पायी जाऊन आले. या वैशाखात हे बारा वाजले की दोन रजया घेऊन पडतात. आणि एक गोष्ट विचारतात, रोज तीच. "दार कोणी लावलं का गं?" दार उघडंच असतं. मी म्हणते, "नाही, उघडं आहे." हे मान हलवतात. त्यांना पटत नाही.

आज दुपारी पानं वाढली आणि तूप आणायला गेले. तुपाची बरणी मी ट्रंकेवर ठेवते. सकाळी पाण्यासारखं पातळ होतं. चमचा घातला तर शिरेना. वरपासून तळापर्यंत गच्च थिजलेलं. मी बरणी तशीच हातात धरून दारात गेले आणि विचारलं, "कोणी उपाशी आहे का?" बाहेर शांत. पुन्हा विचारलं. शांत.

मग दोन वर्षांत न केलेलं मी केलं. उंबऱ्यावर उभी राहून तोंड घराकडे वळवलं.

"आत कोणी आहे का?"

टक.

ट्रंकेतून आवाज आला. बटण दाबल्यासारखा, बारीक, कोरडा.

मी विचारलं, "आणखी कोणी आहे का?"

टक.

प्रत्येक विचारण्याला एक. मी देवाचं नाव घेत विचारत गेले आणि मोजत गेले. जगदेवराव असतील, मी म्हणत होते. उपाशीच राहिलेत, पुन्हा आलेत. आज त्यांना पोटभर वाढीन, आज सगळं फिटेल. सतरा. अठरा. एकोणीस. मला हुंदका फुटला, आणि खोटं कशाला लिहू, आनंद झाला. एकोणीसच होते ना! माईंनी सांगितलं होतं, शांत होईपर्यंत विचारायचं. म्हणून नेमाप्रमाणे, आता 'काही नाही' ऐकायलाच, मी शेवटचं विचारलं.

"आणखी कोणी आहे का?"

टक.

तो ट्रंकेतून नव्हता. आतल्या खोलीतून होता.

मी धावले. खोलीच्या दाराला कडीच नाही, नुसतं लोटून ठेवलेलं असतं. ते उघडेना. मी खांदा लावला, यांना हाका मारल्या, मातेला हाका मारल्या. अण्णा येईपर्यंत किती वेळ गेला सांगता येत नाही. अण्णांनी नुसता हात लावला आणि दार उघडलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

हे रजईत झोपले होते. श्वास चालू होता. मी जवळ बसून हात हातात घेतला. बोटं गार, पांढरी. उजव्या अंगठ्याच्या पेरावर एक वाटोळा तांबडा वळ होता, रुपयाएवढा. कितीतरी वेळ एखादं बटण जोर लावून दाबत राहावं तसा. आठवी कोठी कोणती, ते मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून हे झोपलेच आहेत. दुपारी डॉक्टर भेटले नाहीत, अण्णा पुन्हा त्यांना आणायला गेले आहेत. शांत होईपर्यंत विचारायचं हा नेम; मला आणखी एकदा विचारायला हवं, ते मला कळतं. मी दोनदा तोंड उघडलं. उत्तर कुठून येईल या भीतीनं पुन्हा मिटलं.

निरांजनातलं तूप वातीपाशी वितळतं आहे. कडेनं थिजत चाललं आहे.